शिक्षकांना भेट द्यावी का, आणि द्यायचीच तर कशी?

अक्षरवेल
नमस्कार मंडळी. माझी मुलगी दुसरीत आहे आणि यंदा वर्गाची पालक प्रतिनिधी मी आहे. वर्ष संपत आलंय. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका पालकांनी सुचवलं की वर्गशिक्षिकेला सगळ्यांनी मिळून काहीतरी देऊ या. कल्पना मलाही आवडली, कारण बाई खरंच जीव ओतून शिकवतात. पण बघता बघता प्रत्येकी किती द्यायचे ते ठरलं, आणि ज्यांचे पैसे आले त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण करत यादी ग्रुपवर फिरायला लागली. त्या रात्री एका आईचा मला वेगळा मेसेज आला. या महिन्यात जमणार नाही, पण मुलाच्या नावापुढची जागा रिकामी दिसू नये एवढं बघाल का, असं त्यांनी विचारलं होतं.

म्हणून हा धागा. भेट द्यावीच का? शाळेचा नियम विचारायचा तर कुणाला? वर्गणी काढायची तर कशी? आणि बाईंना स्वतःला काय वाटत असेल? शिक्षक असलेल्या सभासदांनी जरूर लिहावं.

चौकस_बाबा
माझं मत स्पष्ट आहे. द्यावी. ज्या माणसाने माझ्या मुलाला अक्षर ओळखायला शिकवलं, त्याला मी वर्षातून एकदा साधं पेन देऊ शकत नाही? एका पेनामुळे कुणी गुण वाढवत नाही. शिक्षकांवर इतका अविश्वास दाखवणं हाच त्यांचा अपमान आहे. यादी फिरवणं चूक, ते मान्य. पण त्या एका चुकीसाठी कृतज्ञतेवरच बंदी कशाला?

पुस्तकवेडी
अक्षरवेलताई, त्या आईंना तुम्ही काय उत्तर दिलंत ते वाचायला आवडेल. बाकी चर्चा वाचतेय.

खडूफळा
मी शिक्षक आहे, माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. चौकस_बाबा, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण आमच्या बाजूने हे चित्र कसं दिसतं ते सांगतो.

शिक्षक दिनाला किंवा वर्षाच्या शेवटी मुलं एकेक करून टेबलापाशी येतात. कुणाच्या हातात मोठं खोकं, कुणाच्या हातात वहीच्या पानाचं कार्ड. कोणी काय आणलं हे वर्गाला लगेच कळतं. मुलं आमच्यापेक्षा बारकाईने बघतात. खोक्याला सर काय म्हणाले, कार्डाला काय म्हणाले, कुठे जास्त हसले, सगळं टिपतात. ज्यांनी काहीच आणलेलं नसतं ती त्या दिवशी शंका विचारायलासुद्धा पुढे येत नाहीत. हे मी अनेकदा पाहिलं आहे, आणि त्या मुलांना मी काहीही म्हणालो तरी त्यांचं अवघडलेपण जात नाही.

आता गुणांचं. पेन घेतलं म्हणून मी गुण वाढवणार नाही, हे खरं. पण तोंडी परीक्षा, प्रकल्प, वर्तणुकीचा शेरा, सहलीचा गट, स्नेहसंमेलनातलं काम, यातल्या कितीतरी गोष्टी शिक्षकाच्या मर्जीवर असतात. भेट देणाऱ्या पालकाच्या मुलाला मी रास्त कारणासाठी कमी गुण दिले, तर ‘आता हे काय म्हणतील’ असा विचार डोक्यात येऊ शकतो. आणि जास्त दिले, तर दुसरा पालक म्हणेल, ‘बघा, मिळालंच ना.’ मी प्रामाणिक असून दोन्हीकडून अडकतो. हा पेच माझ्यासमोर आणणारी व्यक्ती माझं भलंच चिंतत असते, म्हणून नाही म्हणणं आणखी अवघड जातं.

म्हणून माझी विनंती एकच. नियम शाळेने करावा आणि वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांना कळवावा. प्रत्येक शिक्षकाने आपापल्या हिमतीवर नाही म्हणायचं, अशी वेळ आमच्यावर आणू नका.

शिशिरऋतू
खडूफळा सर, अगदी पटलं. माझी बहीण बालवाडीत शिकवते. ती म्हणते की खरी अडचण महागड्या वस्तूची नसतेच, ती तर सरळ परत करता येते. अडचण मधल्या वस्तूची असते. परत केली तर तुसडेपणा वाटतो आणि ठेवली तर मन खातं.

कलमवाचक
मी वकिली करतो. नियमांचा प्रश्न आला म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बरेच जण धरून चालतात की भेट ही खाजगी बाब आहे, त्यात कायदा कशाला येईल. भारतात सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या शिक्षकाच्या बाबतीत हे चुकीचं आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ मध्ये ‘लोकसेवक’ कोण याची जी व्याख्या आहे, तिच्यात सरकारकडून आर्थिक साहाय्य घेणाऱ्या शैक्षणिक संस्थेचे कर्मचारीही येतात. आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर अवाजवी लाभ देऊन लोकसेवकाकडून गैर काम करून घेऊ पाहणाराही थेट गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावं लागलं असेल, तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला संरक्षण आहे. निरोपाच्या दिवशी दिलेलं फूल यात येतं असं कुणी म्हणणार नाही. पण प्रवेशाच्या आधी दिलेलं पाकीट नक्की येतं. मधल्या प्रकरणांत हेतू, वेळ आणि किंमत बघितली जाते.

दुसरा भाग सेवाशर्तींचा, आणि तो जास्त कडक असतो. दिल्लीतल्या शाळांना लागू असलेल्या दिल्ली शालेय शिक्षण नियम, १९७३ मध्ये शिक्षकांची आचारसंहिता १२३व्या नियमात आहे. विद्यार्थी, पालक किंवा शाळेतल्या पदामुळे ज्यांच्याशी संबंध आला अशा कुणाकडूनही शिक्षकाने भेट घेऊ नये, घरच्यांनाही घेऊ देऊ नये, असं तिथे आहे. फुकट प्रवास, राहण्या-जेवणाची सोय, इतर सेवा हेही भेटीतच धरलं आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत. त्यातला १३वा नियम भेटींचा. सहज झालेलं जेवण किंवा गाडीतून सोडणं याला तो भेट मानत नाही, पण ज्यांच्याशी कामाचा संबंध आहे त्यांचा भरघोस किंवा वारंवार पाहुणचार टाळावा असं बजावतो.

विनाअनुदानित खाजगी शाळेत संस्थेचं स्वतःचं धोरण महत्त्वाचं. ते मुख्याध्यापकांकडे लेखी मागा. तोंडी ‘चालतं हो’ या उत्तरावर थांबू नका, कारण वाद झाला की तो तोंडी शब्द कुणालाच आठवत नाही.

चौकस_बाबा
कलमवाचक, माहितीबद्दल आभार. पण फूल आणि पाकीट यांच्यात फरक आहे हे तुम्हीच म्हणता. मग सरसकट बंदी का?

कलमवाचक
कारण रेषा कुठे आहे हे दर वेळी ठरवायचं ओझं शिक्षकावर पडतं. दक्षिण कोरियाने याच कारणाने टोकाची भूमिका घेतली. तिथे पालकांनी शिक्षकांना पैशांची पाकिटं देण्याची पद्धत इतकी रुळली होती की नुसत्या उपदेशाने ती हटेना. २८ सप्टेंबर २०१६ पासून लागू झालेल्या कायद्यात सरकारी नोकरांबरोबर सरकारी आणि खाजगी शाळांचे शिक्षकही आले. हा कायदा किम यंग-रान या माजी न्यायमूर्तींच्या नावाने ओळखला जातो. इतर सरकारी नोकरांना ठरावीक किमतीपर्यंतची भेट चालते. पण जो शिक्षक ज्या मुलाचं मूल्यमापन करतो त्याच्याकडून, किंवा त्याच्या पालकांकडून, त्याने कॉफीचा कपसुद्धा घ्यायचा नाही असा अर्थ तिथल्या यंत्रणेने लावला. १५ मे हा त्यांचा शिक्षक दिन. त्या दिवशी विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधीने सगळ्यांसमोर कार्नेशनचं फूल दिलेलं चालतं. एकेका मुलाने वेगवेगळं दिलेलं चालत नाही.

माझ्या मते इथे कसोटी नेमकी धरली आहे. मूल्यमापनाचा संबंध चालू असेपर्यंत वस्तू स्वस्त आहे का महाग, हा प्रश्नच उद्भवत नाही. तो संबंध संपल्यावर, म्हणजे मूल शाळेतून बाहेर पडल्यावर, हे बंधन सैल होतं.

चीनच्या शिक्षण मंत्रालयानेही जुलै २०१४ मध्ये स्वतंत्र नियम काढले. विद्यार्थी आणि पालकांकडून भेटी व रोख रक्कम घेणं, त्यांच्या खर्चाने मेजवान्या, सहली किंवा करमणूक, आपली बिलं त्यांना भरायला लावणं, हे सगळं त्यात निषिद्ध आहे.

राईचा_डोंगर
टोकाच्या नियमांची दुसरी बाजूही बघा. बर्लिनमध्ये एका शिक्षिकेला वर्गाने निरोप देताना साधारण दोनशे युरोंची एक छोटी शिल्पाकृती दिली होती. सगळ्यांनी मिळून, प्रेमाने. एका पालकाने तक्रार केली. तिथली मर्यादा तेव्हा १० युरोंची होती. शेवटी त्या बाईंनी चार हजार युरो भरले तेव्हा प्रकरण मिटलं. २०१५ च्या सुरुवातीला याची बरीच चर्चा झाली होती. पालकांनी हौसेने केलं आणि भोगलं शिक्षिकेने. मला हे फार लागलं होतं.

खडूफळा
हेच तर मी म्हणतोय. नियम मोडणारे पालक, पण नोकरी शिक्षकाची धोक्यात. म्हणून खरेदी करण्याआधी विचारा. दिल्यावर शिक्षक ‘अहो, मला नाही घेता येणार’ म्हणाले की सगळ्यांनाच वाईट वाटतं.

दूरदेशी
मी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात सार्वजनिक शाळेत शिकवते. इथला नियम अक्षरवेल यांना उपयोगी पडेल, कारण वर्गणीच्या प्रश्नावर तो अगदी बेताने बेतलेला आहे.

एका पालकाकडून ५० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची भेट आम्हाला घेता येत नाही. पण वर्गाने मिळून दिलेल्या भेटीला सवलत आहे. एका शैक्षणिक वर्षात १५० डॉलरपर्यंत चालते. अट अशी की भेटीवर फक्त ‘वर्गाकडून’ एवढंच असावं. कुणी पैसे दिले, कुणी नाही, कुणी किती दिले, यातलं काहीही शिक्षकाला कळता कामा नये. जो पालक या सामायिक भेटीत सामील आहे, त्याच्याकडून वेगळी भेटही घ्यायची नाही. वर्गासाठी किंवा शाळेसाठी दिलेल्या वस्तू, म्हणजे पुस्तकं, रंग, खेळ, यांना शिक्षकाची वैयक्तिक भेट धरत नाहीत.

यातली नावं न कळण्याची अट मला सगळ्यात मोलाची वाटते. रकमेपेक्षाही. मला कोणी काय दिलं हेच ठाऊक नसेल, तर माझ्या मनात कुणाबद्दल उजवं-डावं येणार कुठून? अक्षरवेल, तुमच्याकडच्या यादीतून नेमकी उलट गोष्ट होतेय. न देणाऱ्याचं नाव आधी सगळ्या पालकांना कळतं आणि मग हळूहळू बाईंनाही.

पुस्तकवेडी
दूरदेशी, हे छान आहे! मग कार्डावर सह्या? ज्यांनी पैसे दिले त्यांच्याच मुलांच्या?

दूरदेशी
छे, सगळ्या मुलांच्या. वर्गाच्या हजेरीपटावर जितकी नावं, तितक्या सह्या. गैरहजर मुलाची सही दुसऱ्या दिवशी घ्यायची, पण सोडायची नाही. कार्ड पैशांशी बांधलेलं नसतंच.

शांत_दुपार
मी सहसा लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

माझ्या मुलाला वाचन-अक्षमता आहे. तिसरीपर्यंत त्याच्याबद्दल ‘आळशी आहे’, ‘लक्ष नसतं’ हेच ऐकत आलो. चौथीत ज्या बाई मिळाल्या त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की हा मुलगा आळशी नाही, याला अक्षरं वाचायला खरंच अवघड जातं, याची तपासणी करून घ्या. त्यानंतर त्या स्वतः त्याच्यासाठी मोठ्या अक्षरांतले कागद तयार करत. पेपर वाचून दाखवायला लेखनिक आणि जादा वेळ मिळावा म्हणून शाळेच्या कार्यालयात त्यांनीच पाठपुरावा केला. माझा मुलगा आता शाळेत जायला रडत नाही. तुम्ही सगळे नियम सांगताय आणि ते बरोबर आहेत, पण माझ्यासारख्या आईने काय करायचं? एवढ्या मोठ्या उपकाराला एक कार्ड? मला खरंच कमी वाटतं. काहीतरी भरीव द्यावंसं वाटतं.

निवृत्त_मुख्याध्यापक
शांत_दुपार, तुमचा प्रतिसाद वाचून भरून आलं. तुम्हाला जे भरीव द्यायचं आहे, ते देता येईल. कसं ते सांगतो.

आता जे इथे लिहिलंत, तेच एका कागदावर लिहा. बाईंचं नाव, मुलाची इयत्ता, वर्ष आणि त्यांनी नेमकं काय केलं ते. मोठ्या अक्षरांतले कागद, लेखनिकासाठीचा पाठपुरावा, सगळं. ‘बाई खूप चांगल्या आहेत’ असं मोघम नको. खाली पूर्ण नावाने सही करा. एक प्रत बाईंना द्या, एक मुख्याध्यापकांना आणि एक संस्थेच्या किंवा शिक्षण विभागाच्या कार्यालयाला पाठवा. मुख्याध्यापकांना विनंती करा की ते पत्र बाईंच्या सेवा नोंदीत लावावं.

मी इतकी वर्षं शाळेच्या खुर्चीत बसलो. तक्रारीची पत्रं पोत्याने येतात. एका शिक्षकाने एका मुलासाठी काय केलं हे तपशिलाने सांगणारं पत्र क्वचित येतं. जेव्हा आलं, तेव्हा मी ते शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवलं. मुलांना वेगळ्या प्रकारे शिकवण्यासाठी वेळ मागणाऱ्या शिक्षिकेला ‘हे कशाला करताय’ असं विचारणारे वरिष्ठ असतात. त्यांच्यासमोर असं पत्र त्या बाईंच्या कामी येतं. बदली, बढती, पुरस्काराचा प्रस्ताव, अशा प्रत्येक वेळी शिक्षकाला आपलं काम कागदावर दाखवावं लागतं, आणि आमच्या पेशात ते दाखवणं फार कठीण. दिलेली शाल कपाटात जाते. पत्र फायलीत राहतं आणि बोलतं.

आणि मुलाला स्वतःला चार ओळी लिहू द्या. चुका सुधारू नका. ज्या बाईंनी त्याला वाचायला शिकवलं, त्यांना त्या चुकांसकटच हव्या असतील.

शांत_दुपार
सर, आजच लिहायला घेते. मनापासून आभार.

शिशिरऋतू
निवृत्त_मुख्याध्यापक सरांना दहा वेळा अनुमोदन.

चौकस_बाबा
पत्राची कल्पना मला पूर्ण पटली. तरी एक मुद्दा राहतो, आणि तो मी मनापासून मांडतोय. अनेक शाळांत शिक्षक कंत्राटी असतात, तुटपुंज्या मानधनावर. कित्येक जण खडूपासून तक्त्यांपर्यंत सगळं स्वतःच्या खिशातून आणतात. ज्यांची परिस्थिती चांगली आहे अशा पालकांनी त्यांना थोडा हातभार लावला तर त्यात वाईट काय? पत्राने महिन्याचं भागत नाही.

खडूफळा
बाबा, तुम्ही आमच्याबद्दल हा विचार करता याचं बरं वाटतं. पण माझ्या पगाराची कमतरता माझ्या विद्यार्थ्याच्या घरून भरून निघायला लागली, तर मी नेमका कुणाचा नोकर? आणि मग ज्या वर्गात सधन पालक जास्त तो वर्ग सगळ्या शिक्षकांना हवा असेल. ज्या वर्गाला चांगल्या शिक्षकाची जास्त गरज, तिथे जायला कुणी राजी होणार नाही. पगाराचा प्रश्न पालकसभेत मांडा, संस्थेला विचारा, मानधन वेळेवर का होत नाही याचा जाब विचारा. तिथे तुमच्या आवाजाला वजन आहे, आमच्यापेक्षा जास्त.

वर्गासाठी लागणाऱ्या वस्तूंचं मात्र तुम्ही नेमकं बोललात. ते जरूर द्या. पण शाळेमार्फत द्या, नोंदवहीत लिहून. म्हणजे ती वस्तू वर्गाची होते आणि शिक्षक बदलला तरी तिथेच राहते. आधी शिक्षकाला विचारा काय हवंय. आमच्या शाळेत पृथ्वीगोल हौसेने आले आहेत, आणि भूमितीच्या मोठ्या कंपासपेट्या एकही नाही.

मनमोर
एक प्रकार कुणी लिहिला नाही. वस्तू न देता सेवा देणं. ‘बाई, आमच्या दुकानात या, तुमच्याकडून पैसे घेणार नाही.’ ‘सर, तुमच्या आईची तपासणी माझ्याकडे करून टाकू.’ ‘तुमच्या मुलाच्या नोकरीचं बघतो.’ हे वस्तूपेक्षा जड असतं, कारण त्याची किंमत सांगता येत नाही आणि परतही करता येत नाही. शिवाय देणारा ते उपकार म्हणून लक्षात ठेवतो.

कलमवाचक
मनमोर, अगदी योग्य. वर दिल्लीचा नियम सांगितला, त्यात सेवाही येतात त्या याचसाठी. याला जोडून शिकवणीचा मुद्दा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या २८व्या कलमानुसार शिक्षकाला खाजगी शिकवणी करण्यास मनाई आहे. तेव्हा वर्गशिक्षकांनाच ‘घरी येऊन थोडं शिकवा, मोबदल्याचं बघू’ असं म्हणणं म्हणजे त्यांना अडचणीत लोटणं आहे, भावना कितीही चांगली असो.

राईचा_डोंगर
आणि वेळ! परीक्षेच्या आधी, प्रगतिपुस्तक लागायच्या आधी, स्पर्धेची निवड व्हायच्या आधी काहीही देऊ नये. अगदी पुस्तकसुद्धा नाही. निकाल लागल्यावर, वर्ग संपल्यावर द्या. तेव्हा दिलेल्या गोष्टीतून कुणाला वेगळा अर्थ काढता येत नाही.

पुस्तकवेडी
वस्तू आधीच हातात पडली तर शिक्षकांनी काय करावं? मूल घेऊन आलेलं असतं, त्याला कसं दुखवायचं?

निवृत्त_मुख्याध्यापक
मुलाला कधीच परत पाठवायचं नाही. मुलाच्या हातातून आनंदाने घ्यायचं, आभार मानायचे, वर्गात उघडायचं नाही. मग ते कार्यालयात आणून नोंदवायचं आणि मी पालकांना फोन करायचो. शिक्षकाने स्वतः फोन करायचा नाही, शाळेने करायचा, कारण नाही म्हणण्याचा वाईटपणा शाळेच्या नियमाने घ्यावा. ‘तुमची भावना पोचली, आमच्याकडे वैयक्तिक भेट घेत नाहीत, वस्तू परत न्यायची की शाळेच्या वाचनालयासाठी काही द्यायचं ते तुम्ही सांगा.’ बहुतेक पालक समजून घेतात. एखादे रागावतात. रागावले तरी त्यांच्या मुलाशी वागणं तसूभर बदलता कामा नये, आणि त्यावर मुख्याध्यापकाने डोळा ठेवायचा असतो.

रोख पैसे, भेटकार्ड किंवा खात्यावर पाठवलेली रक्कम मात्र त्याच दिवशी परत, लेखी. तिथे भावना वगैरे बघायची नाही.

मुलाने स्वतः केलेलं चित्र, कार्ड, बागेतलं फूल घ्यावं. त्याला नियम लावणाऱ्या शाळा मला रुक्ष वाटतात. पण तेही सगळ्यांसमोर मिरवू नये, आणि त्याचे फोटो पालकांनी ग्रुपवर टाकू नयेत. एका फोटोपाठोपाठ दहा येतात, आणि दुसऱ्या वर्षी प्रत्येक घरात ‘आपण काय करायचं’ यावर रात्र जाते.

अक्षरवेल
सगळ्यांचे मनापासून आभार. पुस्तकवेडी, त्या आईंना मी लगेच कळवलं होतं की यादी बंद होतेय, निश्चिंत राहा. यादी मी ग्रुपवरून काढून टाकली आहे. आज मुख्याध्यापकांना भेटले. शाळेचा लेखी नियम नाही, पण त्यांनी सांगितलं की वैयक्तिक भेट नको, वर्ग-वाचनालयाला पुस्तकं चालतील, आणि ती शाळेच्या नावे नोंदवू. तसं लेखी द्या म्हटलं, तर पुढच्या पालकसभेत ठराव म्हणून मांडू म्हणाले. ग्रुपवर टाकायचा मजकूर असा केलाय, काही सुधारायचं असेल तर सांगा:

‘नमस्कार. बाईंसाठी वैयक्तिक भेट घेण्याचं आपण रद्द करत आहोत, कारण शाळेने तसं सुचवलं आहे. ज्यांनी पैसे पाठवले त्यांना ते परत मिळतील. बाईंसाठी वर्गातली सगळी मुलं मिळून एक कार्ड करतील, त्यावर प्रत्येक मुलाची सही असेल. वर्ग-वाचनालयासाठी कुणाला पुस्तक द्यायचं असल्यास ते थेट शाळेच्या कार्यालयात द्यावं, नवं किंवा घरी वाचून झालेलं, कसंही चालेल. कोणी दिलं, कोणी नाही, याची नोंद ग्रुपवर होणार नाही. बाईंबद्दल कुणाला पत्र लिहायचं असेल तर एक प्रत मुख्याध्यापकांनाही द्यावी. कृपया या विषयावर फोटो टाकू नयेत.’

दूरदेशी
छान झालंय. एकच सुचवते. ‘शाळेने सुचवलं आहे’ हे वाक्य सगळ्यात वर घ्या. म्हणजे ज्यांनी कल्पना मांडली त्यांना आपल्यावर रोख आहे असं वाटणार नाही.

चौकस_बाबा
मजकूर योग्य आहे. ‘घरी वाचून झालेलं’ हे शब्द फार बरे घातलेत. मी माझ्या मुलाच्या वर्गातही हे मांडतो.

मनमोर
अक्षरवेल, एक शंका. शाळेच्या बसचे काका, मुलांना स्वच्छतागृहात नेणाऱ्या मावशी, फाटकावरचे दादा, यांच्याबद्दल काय करायचं? ते गुण देत नाहीत, मग त्यांना देणं वेगळं ना?

निवृत्त_मुख्याध्यापक
वेगळं आहे, पण अगदी मोकळं नाही. मूल्यमापन नसलं तरी तुमच्या मुलाची काळजी त्यांच्या हातात असते, आणि कुणाच्या मुलाला बसमध्ये पुढची जागा मिळते हे मुलं बघतातच. त्यांच्यासाठी करायचं तर सगळ्या पालकांनी मिळून, शिक्षक-पालक संघाच्या मार्फत, सगळ्या कर्मचाऱ्यांना सारखं. मग ते मावशी असोत की फाटकावरचे दादा. आणि कार्डं काढताना त्यांचंही एक काढा. त्यांची नावं मुलांना ठाऊक नसतील तर आधी ती विचारून घ्यायला सांगा.

अक्षरवेल
सर, आमच्या बसच्या काकांचं नाव मलाही उद्या विचारावं लागेल. मुलीलाच सांगते.